फर्नेसवाल्या काकू

"शूऽ... जरा गप्प बसा. ती बोलतीय."

कुणाच्याही बेसमेंटमध्ये उतरले की काकू उजवा तळहात समोर धरायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. घरमालक गोरा असो, पंजाबी असो नाहीतर पोर्तुगीज, वाक्य मराठीतच यायचे. समोरच्याला शब्द कळत नसत, हात कळायचा. मग काकू डोळे मिटून फर्नेसचे ऐकत. आधी छोट्या पंख्याची घरघर, मग ठिणगीची टिकटिक, मग गॅस पेटल्याचा दबका 'हुफ्', आणि थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू होऊन घरभर पसरणारी ऊब. गाण्याच्या बैठकीत एखादा जाणकार पहिल्या सुरालाच मान हलवतो ना, तशी त्यांची मान हलायची. कधी डोलायची, कधी नाराजीने वळायची. झाकण उघडण्याआधीच अर्धे निदान झालेले असायचे.

"कसं कळतं हो तुम्हाला?" मी एकदा विचारले.

"माझ्यासारखी फर्नेसवाली अख्ख्या ऑन्टारिओत नाही, म्हणून कळतं."

विनय हा गुण काकूंना कुणी शिकवला नव्हता, आणि त्यांचे त्यावाचून कधी अडलेही नाही.

कॅनडातल्या केंब्रिजमधल्या एका छोट्या हीटिंग कंपनीत मी फोनवर बसायचे. कॉलेज संपवून नुकती वर्क परमिटवर आले होते. पीआरसाठी, म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्यासाठी, अप्लाय करायचे तर नोकरी हवी, म्हणून मिळाली ती धरली. नाशिकला असताना फर्नेस म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी एवढेच मला ठाऊक. इथे ती म्हणजे प्रत्येक घराच्या तळाशी उभा असलेला, कपाटाएवढा पत्र्याचा डबा. त्यात गॅस जळतो, हवा तापते आणि पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते. जानेवारीत हा डबा बंद पडला की माणसे गारठतात आणि नळातले पाणीही गोठून पाइप फुटतात. त्यामुळे थंडी पडली की आमचा फोन दम घ्यायचा नाही, आणि निम्मे लोक विचारायचे, "कॅन यू सेंड द लेडी?"

ती लेडी म्हणजे आमच्या काकू. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, सांगलीकडच्या. पायात लोखंडी टोकाचे बूट, अंगात निळा ओव्हरऑल, त्याच्या आत सरकवलेले मंगळसूत्र, डोक्यावर स्वतः विणलेली भगव्या रंगाची टोपी आणि टोपीखाली न चुकता टिकली. पहिल्यांदा दार उघडणारा माणूस त्यांच्या खांद्यावरून मागे बघायचा, टेक्निशियन कुठे आहे म्हणून. काकूंना त्याची सवय होती. "आय अ‍ॅम द फर्नेस गाय," असे ठणकावून त्या आत शिरायच्या.

त्या या धंद्यात कशा आल्या ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे होते. नवरा कारच्या कारखान्यात असेंब्लीवर, मुलगी शाळेत, आणि काकू एका कॉफीच्या दुकानात काउंटरवर. एका हिवाळ्यात त्यांच्याच घरची फर्नेस बंद पडली. दुरुस्तीला एक म्हातारा टेक्निशियन आला. काकू स्वेटरवर शाल, शालीवर ब्लँकेट अशा अवतारात त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याने झाकण काढल्यापासून लावेपर्यंत प्रश्न विचारत राहिल्या. हे काय? ते कशाला? ही तार काढली तर? शेवटी तो वैतागून हसला आणि म्हणाला, "लेडी, यू शुड टेक द कोर्स."

"त्यानं चेष्टा केली," काकू सांगायच्या. "मी मनावर घेतलं."

वयाच्या पंचेचाळिशीत त्या गॅस टेक्निशियनच्या वर्गात जाऊन बसल्या. वर्गात सगळी पोरे, त्यांच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. ती यांना आंटी म्हणायची आणि परीक्षेच्या आधी यांच्या हातचे पोहे खाऊन यांच्याकडूनच शिकायची. पुढे लायसन्स मिळाल्यावर आमच्या म्हाताऱ्या पोर्तुगीज बॉसने त्यांना ठेवून घेतले. तो कुणाचे कौतुक करणाऱ्यातला नव्हता. पण काकूंचा विषय निघाला की आवाज खाली आणून, चर्चमध्ये बोलावे तसे म्हणायचा, "शी हिअर्स थिंग्ज."

नवीन फर्नेस बसवायची असेल तर काकूंचे पहिले भांडण जागेवरून व्हायचे. लोकांना फर्नेस हवी असते, पण दिसायला नको असते. कुणाला ती जिन्याखाली रंगाच्या डब्यांशेजारी कोंबायची असते, कुणाला कपाटात. एका सरदारजींनी बेसमेंटमध्ये होम थिएटर करायचे काढले होते. पडद्यामागच्या भिंतीत फर्नेस चिणून टाकावी असा त्यांचा बेत. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि हिंदीत विचारले, "पाजी, आप अपनी बीवी को अलमारी में बिठाके दरवाजा बंद करोगे क्या?"

सरदारजी काही बोलायच्या आत जिन्यावरून त्यांची बायको म्हणाली, "बहनजी, इनका भरोसा नहीं." फर्नेस मोकळ्या जागेत बसली.

"आग ही पाहुणी आहे," काकू म्हणायच्या. "तिला बसायला ऐसपैस जागा पाहिजे, खायला हवा पाहिजे, आणि जायला वाट पाहिजे. यातलं एक जरी दिलं नाही, तर ती पाहुणी राहत नाही."

वाट आहे की नाही हे बघायला त्या उदबत्ती लावायच्या. दुकानात त्यासाठी धुराची खास कांडी मिळते, पण काकूंची भिस्त मोगऱ्याच्या उदबत्तीवर. घराची सगळी दारे-खिडक्या बंद करायच्या, स्वयंपाकघरातला आणि वॉशरूममधला पंखा, कपड्यांचा ड्रायर, जे जे हवा बाहेर फेकते ते सगळे चालू करायचे, आणि मग गरम पाण्याच्या टाकीच्या धुराड्यापाशी उदबत्ती धरायची. धूर वर ओढला गेला तर ठीक. उलटा खोलीत आला तर समजायचे, जळलेल्या गॅसचा धूरही बाहेर न जाता घरातच येणार. एका गोऱ्या आजीबाईंना वाटले ही काही प्रार्थना आहे. त्या डोळे मिटून, हात जोडून उभ्या राहिल्या. धूर वर गेला तेव्हा काकूंनी हळूच म्हटले, "आमेन." आजीबाई गहिवरल्या.

तुम्ही म्हणाल, गमतीदार बाई दिसते. होत्याच. मीही बरेच दिवस त्यांच्याकडे गंमत म्हणूनच बघत होते. नंतर एक संक्रांत आली.

केंब्रिजमध्ये एक मराठी जोडपे राहायचे. सगळे त्यांना आजी-आजोबा म्हणायचे. आजोबा फार वर्षांपूर्वी इथे आलेले, कारखान्यात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. मुलगा तासाभरावरच्या मिसिसागाला. दोघांनाच एवढे घर कशाला, म्हणून आजोबांनी बेसमेंटमध्ये पार्टिशन घालून खोल्या केल्या होत्या आणि महाराष्ट्रातून शिकायला येणाऱ्या मुलींना ते तिथे ठेवून घेत. भाडे नावाला. वर आजींच्या हातची भाजी. परदेशात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या मुलीला हे घर म्हणजे माहेर वाटायचे. काकू आणि त्यांचे यजमान भारतातून आले तेव्हा तेही याच बेसमेंटमध्ये राहिले होते. तेव्हा तिथे खोल्या नव्हत्या, नुसता मोठा मोकळा हॉल होता. काकूंना बर्फात गाडी चालवायला आजोबांनी शिकवले. काकूंच्या मुलीचे पहिले पाऊल आजींच्या स्वयंपाकघरात पडले.

तर आजोबांचा ऑफिसात फोन आला. फर्नेस जुनी झाली आहे, आवाज करते, येऊन बघून जा आणि नवी कोणती घालायची ते सांगा. तो शनिवार होता, संक्रांत दोन दिवसांवर. तिथे राहणाऱ्या मुलींपैकी केतकी माझी कॉलेजची मैत्रीण. मी तिळगुळाचा डबा घेतला आणि काकूंच्या व्हॅनमध्ये बसले.

सकाळचे ऊन पडले होते, पण ते नुसते दिसायला. गाडीतून उतरताच नाकातले केस कडक झाले. काकू नेहमीप्रमाणे बेल वाजवायच्या आधी घराभोवती फिरू लागल्या. बेसमेंटच्या जमिनीलगतच्या छोट्या खिडकीपाशी त्या थांबल्या. काच आतून घामेजली होती. पाण्याचे ओघळ खाली येऊन चौकटीवर गोठले होते.

"एवढ्या कोरड्या थंडीत आत एवढं पाणी कुठनं आलं?" त्या म्हणाल्या.

"मुली कपडे वाळत घालत असतील," मी म्हटले.

त्या तडक दाराकडे वळल्या. गॅस जळला की धुराबरोबर वाफही होते, आणि ती बाहेर गेली नाही की काचेवर बसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आजोबांनी दार उघडले. "ये गं बाई, ये. आधी चहा घे, मग तुझी फर्नेस."

"चहा नंतर, आजोबा. मुली कुठायत?"

"एक कामावर गेलीय. एक खाली कपडे धुतेय. केतकी झोपलीय. कालपासून डोकं दुखतंय तिचं. फ्लू दिसतोय. सगळ्यांनाच आहे थोडं थोडं. आम्ही म्हटलं, झोपू दे पोरीला."

काकू बूट न काढता आत गेल्या. ज्या बाई इतरांच्या कार्पेटला जिवापाड जपायच्या, त्या आजींच्या हॉलमधून बर्फाचे बूट घालून चालत गेल्या. बेसमेंटचा जिना उतरू लागल्या, मी त्यांच्या मागे. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीला एक छोटे यंत्र अडकवलेले असायचे, कार्बन मोनॉक्साइड मोजणारे. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला झोपेतच घेऊन जातो. मी ते यंत्र कित्येकदा टेबलावर पडलेले पाहिले होते. त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता.

जिन्याच्या मध्यावर ते किंचाळायला लागले.

काकूंनी हात वर केला नाही, शू म्हणाल्या नाहीत. वळून त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरले. "वर जा. आजी-आजोबांना बाहेर काढ, कोटबिट बघू नको. नाइन-वन-वनला बाहेरनं फोन कर. खाली यायचं नाही. काही झालं तरी खाली यायचं नाही."

मी धावले. आजोबा म्हणत होते, "अगं, पण झालंय काय?" मी त्यांना अक्षरशः ढकलले. आजींच्या अंगावर मी माझा कोट टाकला. आजोबा घरातल्या सपातांवर बर्फात उभे राहिले. कपडे धुणारी मुलगी हाताला साबण तसाच घेऊन धडपडत वर आली आणि पायरीवर बसून ओकली. मी फोनवर पत्ता सांगत होते आणि दाराकडे बघत होते.

दारात कुणी नव्हते.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. थोडाच असणार. पण त्या वेळात आजोबा दोनदा आत जायला निघाले आणि दोनदा मी त्यांना धरले. मग दारात आधी भगवी टोपी दिसली. काकू कमरेत पूर्ण वाकलेल्या होत्या. केतकी त्यांच्या पाठीवर होती, तिचे दोन्ही हात काकूंनी आपल्या गळ्याशी घट्ट धरले होते. केतकी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. तिचे पाय जमिनीवरून घासत येत होते. काकूंनी तिला बर्फावर, कोवळ्या उन्हात आडवे केले आणि तिच्या गालावर चापट्या मारत ओरडल्या, "ए बाय! डोळे उघड! उघड डोळे!"

केतकीने डोळे उघडले. ती म्हणाली, "काकू, थंडी वाजतेय."

"वाजू दे," काकू म्हणाल्या. "वाजू दे गं बाय. लई छान."

मग त्या उठल्या, पाना घेतला, घराच्या बाजूला जाऊन मीटरपाशी गॅस बंद केला. तोवर फायरची गाडी वळणावर दिसू लागली होती. अँब्युलन्समध्ये केतकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. एक तरुण पॅरामेडिक काकूंना म्हणाला की अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही वेगळ्या कामाला आलो असतो. काकूंनी मान हलवली आणि व्हॅनच्या पायरीवर बसल्या. मी व्हॅनमध्येच राहिलेला तिळगुळाचा डबा उघडून एक लाडू त्यांच्या तोंडात घातला. दुसरे काय करावे ते मला सुचले नाही.

कारण कळायला वेळ लागला नाही. खोल्या करताना आजोबांनी फर्नेस आणि पाण्याची टाकी एका कपाटात बंद केली होती. मुली अभ्यास करतात, त्यांना घरघरीचा त्रास होऊ नये म्हणून त्या कपाटाच्या दाराला नुकतीच चहूबाजूंनी रबराची पट्टी लावली होती. आत आगीला हवाच उरली नाही. बाहेर ड्रायर आणि वॉशरूमचा पंखा घरातली हवा खेचत होते, आणि धुराड्यातून वर जायचा धूर उलटा खाली येऊन फटीफटीतून मुलींच्या खोल्यांत शिरत होता. बेसमेंटमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुदत संपल्यामुळे अधूनमधून चिवचिवत होता, तोही आजोबांनी काढून ठेवला होता, नवा आणायचा म्हणून.

फायरवाल्यांनी घर हवेशीर करून दिल्यावर काकू आत गेल्या आणि त्यांनी फर्नेसला लाल चिठ्ठी बांधली. लाल चिठ्ठी म्हणजे हे यंत्र धोक्याचे आहे, दुरुस्त करून तपासणी होईपर्यंत कुणी पेटवायचे नाही. मग घरातल्या सगळ्या नळांचे पाणी काढून टाकले, पाइप फुटू नयेत म्हणून. ज्या घराने त्यांना पहिला आसरा दिला, ते घर त्यांनी स्वतःच्या हाताने थंड केले.

मुलींना त्या आपल्या घरी घेऊन गेल्या, केतकीलाही हॉस्पिटलमधून सोडल्यावर तिथेच आणले. आजी-आजोबांनाही चला म्हणाल्या. आजोबा मुलाच्या गाडीत बसले आणि मिसिसागाला गेले. त्यांनी काकूंकडे पाहिलेसुद्धा नाही.

पुढचे दिवस काकूंना जड गेले. त्या आजोबांना फोन करायच्या, आजोबा घ्यायचे नाहीत. हळदीकुंकवाला एका बाईंनी सगळ्यांसमोर म्हटले, "काही म्हणा, एवढ्या मोठ्या माणसाच्या घराला लाल चिठ्ठी लावायची म्हणजे जरा अतीच झालं. हळूच सांगितलं असतं तर?"

काकूंच्या हातात वाण होते. त्यांनी ते खाली ठेवले. "चिठ्ठी लावली नसती तर फोटो लावायला लागला असता. हार घालून."

केतकी तिथेच होती, उखाणा घ्यायला सांगितल्यावर लाजणाऱ्या मुलींच्या घोळक्यात. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे गेल्या आणि त्या बाईंनी उठून काकूंच्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

घरी परतताना मात्र काकू व्हॅनमध्ये रडल्या. मी त्यांना रडताना तेवढेच पाहिले. "म्हातारा माझ्याशी बोलत नाही गं," म्हणाल्या. "माझा बाप गेला तेव्हा मला तिकीट काढून विमानात बसवणारा माणूस तो. त्याच्या दाराला मी कुलूप लावून आले."

आणखी काही दिवसांनी आमच्या ऑफिसचे दार उघडले आणि आजोबा आत आले. एकटेच. डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात धरली होती. ते एकदम वाळल्यासारखे दिसत होते.

"ती आहे का?" त्यांनी मला विचारले.

काकू मागच्या गोडाउनमधून हात पुसत आल्या आणि थबकल्या. मध्ये काउंटर होता. बॉस कागद चाळायचे सोडून खिडकीतून बाहेर बघू लागला.

"रबराची पट्टी मी लावली," आजोबा म्हणाले. "मुलींना आवाजाचा त्रास नको म्हणून. मी, माझ्या हातानं. रोज रात्री डोळे मिटले की ती पट्टीच दिसते. तुझा फोन कोणत्या तोंडानं घेऊ?"

आम्हाला सगळ्यांना वाटत होते ते रागावले आहेत. त्यांना आपले तोंड दाखवायची लाज वाटत होती.

काकू काउंटरला वळसा घालून पुढे आल्या. वाकून त्यांच्या पाया पडल्या. उठता उठता म्हणाल्या, "पट्टी मात्र काय झकास लावली होती हो, आजोबा. मुंगी जायला जागा नव्हती. ड्राफ्ट्समनचा हात, दिसतो की."

आजोबा आधी दचकले. मग त्यांना हसू फुटले, आणि हसता हसताच ते रडू लागले. काकूंनी त्यांना लहान मुलासारखे जवळ घेतले. बॉसला मराठीचे एक अक्षर कळत नव्हते. तो उठून आत गेला आणि तिघांसाठी कॉफी घेऊन आला.

आजोबांना सगळ्या खोल्या पाडून टाकायच्या होत्या. काकूंनी ऐकले नाही. "पोरींनी जायचं कुठं? खोल्या राहू देत. आगीची जागा बदलू."

ते काम बघायला मी मुद्दाम सुट्टी काढून गेले, आणि त्यासाठी मी स्वतःला अजून नशीबवान समजते. काकूंनी आधी कपाटाचे दार बिजागऱ्यांसकट काढले. जुनी फर्नेस आणि टाकी दोन्ही बाहेर गेली. नवी फर्नेस समोरच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीलगत, तिच्याभोवती माणूस आरामात वावरेल एवढी मोकळी जागा सोडून. शेजारची खोली झोपायला वापरायची नाही, ती फक्त अभ्यासाची, हे काकूंनी आजोबांकडून कबूल करून घेतले. नवी फर्नेस आणि नवी टाकी घरातली हवा घेणार नव्हत्या. त्यांच्यासाठी भिंतीतून बाहेर पाइप जाणार होते, हवा आत घ्यायचा वेगळा आणि धूर बाहेर सोडायचा वेगळा.

ते पाइप बाहेर कुठे काढायचे हे ठरवायला काकूंनी आजोबांचे नकाशे बाजूला ठेवले आणि आजींना स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेले.

"आजी, तुम्ही अख्खा हिवाळा इथं उभ्या असता. बर्फ कुठं साचतो सांगा."

आजींना आयुष्यात कुणी पाइपबद्दल विचारले नव्हते. त्यांनी पदर खोचला आणि सांगू लागल्या. वारा कुंपणाच्या कोपऱ्यातून वळतो, मग त्या तिथे पार कमरेएवढा ढीग होतो. इकडे भिंतीलगत मात्र कमी, खारी तिथेच शेंगदाणे पुरतात. शेजारणीची खिडकी त्या बाजूला, ती थंडीतही उघडी टाकून झोपते. काकू ऐकत होत्या आणि भिंतीवर खडूने खूण सरकवत होत्या. बर्फाच्या वर, शेजारणीच्या खिडकीपासून दूर, आजींच्या खिडकीपासून दूर, गॅसच्या मीटरपासून दूर. शेवटी एका ठिकाणी खडू थांबला. "इथं," आजी म्हणाल्या. "इथं," काकू म्हणाल्या.

सगळे जोडून झाल्यावर काकूंनी गॅसच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. गळती असेल तर बुडबुडा येतो. त्या प्रत्येक सांध्यापाशी गुडघे टेकून, श्वास रोखून बघत होत्या. एकेका सांध्याला एवढा वेळ की मला वाटले, यांचे डोळे लागले की काय. एकही बुडबुडा आला नाही. तपासणी करणारा माणूस येऊन बघून गेला. निघताना त्याने काकूंशी हात मिळवला आणि मग पुन्हा एकदा मिळवला.

मग त्यांनी फर्नेस पेटवली. घरघर, एक क्षण शांतता, आणि 'हुफ्'. पुढच्या झाकणात नाण्याएवढी एक काच होती, आत बघायला. काकू बाजूला सरल्या. "आजोबा, बघा."

आजोबा भिंतीला धरून गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी काचेला डोळा लावला. आत निळ्या ज्योती ओळीने आडव्या जळत होत्या, एकसारख्या, न फडफडता. आजोबा बराच वेळ उठलेच नाहीत. मग आजी बसल्या. मग मुली एकामागून एक. केतकीने बघितले तेव्हा काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. माझी पाळी आली. आग मी जन्मापासून पाहत आले आहे. पण माणसाने जागा दिली तेवढ्याच जागेत, दिलेल्या हवेवर, अशी शहाण्यासारखी जळणारी आग, आणि ती तशी जळावी म्हणून दिवसभर जमिनीवर पालथी पडलेली एक बाई... माझे हात आपोआप जोडले गेले. आगीला की काकूंना, ते मी ठरवले नाही.

पुढे काकूंचे गुडघे गेले. वर्षानुवर्षे काँक्रीटवर टेकलेले गुडघे, ते किती टिकणार. मुलगी व्हँकुव्हरला नोकरीला होती. तिने आईवडिलांना बोलावून घेतले. बॉसने निरोपाला केक आणला आणि भाषण करायला उभा राहिला, पण "शी हिअर्स..." एवढे म्हणून खाली बसला. काकूंनीच मग त्याची पाठ थोपटली आणि सगळ्यांना केक कापून वाटला.

तिथून त्यांचा फोन येतो. लेकीच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, फर्नेस नाही, भिंतीला विजेचे हीटर आहेत, यावर त्या फार नाराज आहेत. "तापतंय, पण आवाज न्हाई की काही न्हाई. कान रिकामे झालेत माझे."

त्या व्हँकुव्हरला गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी मी कामावर जात होते. रात्रीत पारा खूप खाली गेला होता. आजी-आजोबांच्या वस्तीतल्या एका स्टॉप साइनला गाडी थांबवली आणि समोर बघत राहिले. वारा अजिबात नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या कुशीतल्या फर्नेसच्या पाइपांतून पांढरी वाफ निघत होती आणि सरळ आकाशात चढत होती, एका घरातून, दुसऱ्यातून, पार वळणापर्यंत. नुकत्याच उगवलेल्या सूर्याने सगळ्यांची टोके गुलाबी केली होती. आत लोक झोपले असतील, कुणी चहा टाकत असेल, कुणी पोराला मोजे घालत असेल. यातल्या किती घरांत काकू पालथ्या पडल्या होत्या ते त्या घरांनाही आठवत नसेल.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, अगदी हलकेच, इथले लोक वाजवतात तसा. मी हात दाखवला आणि गाडी पुढे घेतली.